एक फाइल, दोन खिडक्या

1978 च्या डिसेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत व्हॅक्स हा नवा संगणक येत होता. बिल जॉय हे तिथले पदव्युत्तर विद्यार्थी त्या दिवसांत आपल्या 'व्हीआय' या टेक्स्ट एडिटरमध्ये मोठी भर घालत होते. एकाच स्क्रीनवर एकाहून अधिक खिडक्या उघडता याव्यात, असा त्यांचा बेत होता. टेपयंत्र बिघडलेलं होतं, त्यामुळे बॅकअप घेता येत नव्हता. जॉय तसेच काम करत राहिले आणि एके दिवशी मूळ कोडच खराब झाला. त्याची पूर्ण छापील प्रतही हाताशी नव्हती. स्क्रीनवर मजकूर दाखवणारा भाग खिडक्यांसाठी जवळजवळ सगळा नव्यानं लिहून झाला होता, तो गेला. जॉय जुन्या आवृत्तीकडे परतले, तिचं मॅन्युअल पूर्ण केलं आणि काम मिटवलं. 1984 मध्ये 'युनिक्स रिव्ह्यू' या मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी हे सगळं सांगितलं. तो घात झाला नसता तर व्हीआयमध्ये खिडक्या असत्या, असंही ते म्हणाले.

व्हीआय हा युनिक्स या संगणकप्रणालीच्या जगातला सर्वांत जास्त पसरलेल्या एडिटरांपैकी एक. तो खिडक्यांविनाच जगभर गेला. त्याचाच वारसा सांगणारा 'व्हिम' हा एडिटर नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी 1991 मध्ये लोकांसाठी खुला केला आणि 1994 मधल्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात खिडक्या आल्या. म्हणजे जॉय यांच्या हातून निसटलेली सोय व्हिमपर्यंत पोचायला सोळा वर्षं लागली.

ही सोय म्हणजे नेमकं काय, हे आधी नीट सांगायला हवं, कारण ती रोज संगणकावर लिहिणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांच्या हाताशी आहे आणि वापरात मात्र नाही. दोन वेगळ्या फाइली शेजारी शेजारी उघडण्याबद्दल मी बोलत नाही, ते सगळे करतात. मी बोलतोय ते एकाच फाइलचे दोन किंवा तीन भाग एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवण्याबद्दल. वरच्या खिडकीत पान दोन, खालच्या खिडकीत पान एकशे चाळीस, आणि दोन्ही ठिकाणी हवं तेव्हा लिहिता येतं. फाइल एकच. वर एक शब्द बदलला तर तो त्याच फाइलमध्ये बदलतो. खालच्या खिडकीतही तोच भाग दिसत असेल, तर तिथेही तो त्याच क्षणी बदललेला दिसतो.

याची गरज कुणाला पडते? ज्याचा मजकूर एका स्क्रीनपेक्षा लांब आहे, अशा प्रत्येकाला. जमिनीच्या खरेदीखताचं उदाहरण घ्या. पहिल्या पानावर 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांची नावं, वयं, पत्ते. पुढे मिळकतीचं वर्णन, त्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. त्यानंतर भरण्याचा तपशील, मग अटी, आणि शेवटी सह्यांच्या जागी तीच नावं पुन्हा. क्षेत्राचा आकडा वर एक आणि खाली दुसरा पडला, तर पुढे चूकदुरुस्तीचा दस्त करत बसावं लागतं. हा दस्त टाइप करणारा माणूस दिवसभर वर-खाली, वर-खाली करत असतो.

कादंबरीकाराची अडचण निराळी. दुसऱ्या प्रकरणात सून सासूला 'अहो आई' म्हणते आणि एकोणिसाव्या प्रकरणात 'आई, तू बस' म्हणते. हा बदल लेखिकेनं मुद्दाम केला असेल तर त्यात अख्ख्या नात्याचा प्रवास आहे. नकळत झाला असेल तर ती ढिलाई आहे, आणि जाणत्या वाचकाला ती लगेच खटकते. दोन्ही संवाद समोरासमोर ठेवल्याशिवाय यातलं काय झालंय ते ठरवता येत नाही. बोलीतल्या संवादांचं तर फारच अवघड असतं. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारं पात्र शंभर पानं तेच बोलतंय की मधेच पुण्याचं होतंय, हे आठवणीच्या भरवशावर तपासता येत नाही.

नेल्सन कोवन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार माणसाच्या चालू स्मृतीत एका वेळी साधारण चार गोष्टी मावतात. फाइलमध्ये वर जाऊन आकडा बघायचा, तो मनात धरायचा, खाली यायचं, आपली जागा शोधायची, आणि तोवर आकडा विसरायचा, याचं कारण हेच. शोधण्याची सोय, म्हणजे कंट्रोल-एफ, यावर अर्धाच उपाय देते. ती आपल्याला हव्या त्या जागी नेते, पण आपण जिथे होतो ती जागा नजरेआड करून. छापील पुस्तकात आपण एका पानात बोट घालून दुसरं पान वाचतो. स्क्रीनवर गेल्यावर ते बोट घालणं आपण विसरून गेलो.

त्याऐवजी आपण एक वाईट सवय लावून घेतली, ती म्हणजे प्रती काढण्याची. दोन भाग एकत्र बघायचे म्हणून फाइलची प्रत काढायची, एकीत वरचा भाग उघडायचा आणि दुसरीत खालचा. बघता बघता दुरुस्त्या दोन्हींत व्हायला लागतात. मग 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन दुरुस्त' अशी नावं पडतात. दिवाळी अंकांच्या धावपळीत चुकीची फाइल छापायला जाते ती याच वाटेनं. प्रत काढण्याचं खरं कारण एकच असायला हवं, ते म्हणजे सुरक्षितता. जॉय यांना त्या डिसेंबरात प्रतच हवी होती आणि ती नव्हती. पण नुसतं बघण्यासाठी प्रत काढणं हा घातक मार्ग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बघण्यासाठी खिडकी असते.

ही खिडकी आली कुठून, याचा माग काढताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. स्क्रीन येण्यापूर्वी फाइलचे दोन भाग एकत्र बघणं एका अर्थानं सोपं होतं. 1969 च्या सुमारास केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्समध्ये युनिक्ससाठी 'ईडी' हा एडिटर लिहिला, तो टेलिटाइपवर चालायचा. टेलिटाइप मॉडेल 33 हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं कागदाच्या गुंडाळीवर छापायचं. ओळी एक ते दहा दाखव म्हटलं की त्या छापल्या जायच्या, मग पाचशे ते पाचशे दहा मागवल्या की त्याही खाली छापल्या जायच्या. कागद फाडून शेजारी ठेवला की दोन्ही भाग समोर. पण कागदावरचं ते चित्र त्या क्षणापुरतंच खरं असायचं. फाइलमध्ये ओळ बदलली तरी कागदावरची ओळ जुनीच राहायची. म्हणजे तीही एक प्रतच, आणि प्रतीचा जो धोका तोच तिचाही.

स्क्रीन आल्यावर मजकूर जिवंत झाला, पण चोवीस ओळींत कोंडला गेला. जॉय घरी एडीएम-3ए या टर्मिनलवर 300 बॉडच्या मोडेमनं काम करत. 300 बॉड म्हणजे सेकंदाला सुमारे तीस अक्षरं. चोवीस ओळी आणि ऐंशी स्तंभांची स्क्रीन पूर्ण भरायची तर 1920 अक्षरं, म्हणजे मिनिटाहून जास्त वेळ. फाइलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचं म्हणजे दोन मिनिटं गेली. व्हीआयच्या आज्ञा इतक्या तोकड्या, एकेका अक्षराच्या का आहेत, आणि तो स्क्रीन पुन्हा रंगवण्यात इतका काटकसरी का आहे, याचं उत्तर या गणितात आहे. एका अरुंद तारेवर काम करणाऱ्या माणसाला खिडक्या का हव्याशा वाटल्या असतील, तेही इथेच कळतं.

खिडक्यांमागची कल्पना मात्र त्याआधीची आहे. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी हजारेक तज्ज्ञांसमोर नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दाखवलं. माउस तिथे पहिल्यांदा जाहीरपणे दिसला, म्हणून ते प्रसिद्ध आहे. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. एंगेलबार्ट यांनी घरच्या खरेदीची यादी स्क्रीनवर लिहिली, तिचे गट पाडले आणि मग तीच यादी वेगवेगळ्या रीतीनं दाखवली. कधी फक्त गटांची नावं, कधी सगळा तपशील. त्यांच्या 'एनएलएस' या यंत्रणेत मजकूर साठवणं आणि मजकूर दाखवणं ही दोन स्वतंत्र कामं होती. किती पातळ्या दाखवायच्या, प्रत्येक परिच्छेदाच्या किती ओळी दाखवायच्या, हे वाचणारा ठरवायचा, आणि त्यानं साठवलेल्या मजकुराला धक्काही लागायचा नाही.

हीच वेगळी ठेवण पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात नियमाच्या रूपात मांडली गेली. नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रीन्सकाऊग 1979 मध्ये तिथे पाहुणे म्हणून होते. त्यांनी जी रचना मांडली तिला आज मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर म्हणतात: वस्तू एक, तिची दृश्यं हवी तेवढी, आणि वस्तू बदलली की प्रत्येक दृश्याला निरोप जातो. पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मुलाखतीला बसणाऱ्या मुलामुलींना हे तीन शब्द तोंडपाठ असतात. एकाच फाइलच्या दोन खिडक्या हे त्याचं सगळ्यांत साधं, डोळ्यांनी दिसणारं उदाहरण आहे.

त्याच 1979 मध्ये सामान्य माणसाच्या टेबलावरही ही सोय पोचली, आणि ती टेक्स्ट एडिटरमधून पोचली नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं 'व्हिसिकॅल्क' हे ॲपल टू संगणकावरचं पहिलं स्प्रेडशीट. त्या संगणकावर एका ओळीत फक्त चाळीस अक्षरं मावत. एवढ्याशा जागेत वर्षाचा हिशेब कसा दिसणार? म्हणून व्हिसिकॅल्कमध्ये स्क्रीन आडवी किंवा उभी दुभागण्याची सोय होती. दोन्ही भाग एकत्र सरकवायचे की वेगवेगळे, हेही ठरवता यायचं, आणि शीर्षकाच्या ओळी जागच्या जागी रोखून धरता यायच्या. आज शाळेत निकालपत्रक करणाऱ्या शिक्षिका किंवा सोसायटीचा हिशेब ठेवणारे खजिनदार एक्सेलमध्ये वरची ओळ 'फ्रीझ' करतात, ती व्हिसिकॅल्कचीच देणगी. मुलांची नावं आणि विषयांची शीर्षकं जागेवर राहतात, गुण तेवढे सरकतात. एकाच फाइलचे दोन भाग एकत्र बघण्याची सवय आपल्याकडे अशा रीतीनं हिशेबात आधी रुजली. लिखाणात ती अजून यायची आहे.

एडिटरांच्या जगात या बाबतीत सर्वांत उदार निघाला तो ईमॅक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1976 मध्ये एमआयटीत गाय स्टील यांच्या साथीनं त्याची सुरुवात केली, आणि आज वापरात असलेला ग्नू ईमॅक्स 1985 मध्ये आला. कंट्रोल-एक्स आणि मग 2 दाबलं की स्क्रीन आडवी दुभागते, 3 दाबलं की उभी. दोन्हीत तीच फाइल असते. 'फॉलो मोड' चालू केला तर शेजारच्या दोन खिडक्या वर्तमानपत्राच्या स्तंभांसारख्या जोडल्या जातात. डावीकडचा मजकूर संपतो तिथून उजवीकडचा सुरू होतो आणि रुंद स्क्रीनवर दुप्पट ओळी सलग वाचता येतात. त्याहून पुढची सोय म्हणजे 'इनडायरेक्ट बफर', म्हणजे त्याच मजकुराचं दुसरं, अप्रत्यक्ष रूप. त्यात मजकूर सामाईक, पण बघण्याची रीत स्वतंत्र. एका खिडकीत अख्खा ग्रंथ ठेवून दुसरीत फक्त एक प्रकरण उघडं ठेवायचं, बाकी सगळं झाकून. बेल लॅब्सच्या रॉब पाइक यांनी 'सॅम' आणि नंतर 'ॲक्मे' या एडिटरांत हेच काम एका आज्ञेवर आणलं. ती दिली की त्याच फाइलची आणखी एक खिडकी उघडते.

आता आतली यंत्रणा. ती समजली की ही सोय वापरताना भीती वाटत नाही.

एडिटर फाइल उघडतो तेव्हा डिस्कवरचा मजकूर संगणकाच्या स्मृतीत आणतो. त्या मजकुराला बफर म्हणतात. खिडकी म्हणजे त्या बफरचा कुठला भाग दाखवायचा याची नोंद: सगळ्यांत वर कुठली ओळ आहे आणि कर्सर कुठे आहे. खिडकीत अक्षर साठवलेलं नसतं. त्यामुळे दुसरी खिडकी उघडायला जवळपास काहीच स्मृती लागत नाही, फाइल कितीही मोठी असो. पण इथे एक बारीक अडचण येते आणि ती सोडवण्यात कौशल्य आहे. समजा खालच्या खिडकीत नऊशेवी ओळ सर्वांत वर दिसते आहे. मी वरच्या खिडकीत चाळिसाव्या ओळीनंतर तीन नव्या ओळी लिहिल्या. आता जुनी नऊशेवी ओळ नऊशे तिसरी झाली. खालच्या खिडकीची नोंद नऊशेवरच राहिली, तर मी काही न करता तिथला मजकूर तीन ओळी घसरेल. दर एंटरला ती खिडकी हलेल आणि वाचणाऱ्याचं डोकं भणाणून जाईल. म्हणून ही नोंद नुसत्या आकड्यात न ठेवता मजकुराला चिकटवलेल्या खुणेत ठेवावी लागते. मागे काही वाढलं किंवा कमी झालं की खूण मजकुराबरोबर सरकते. ईमॅक्समध्ये अशा खुणेला 'मार्कर' म्हणतात. आपल्याला खालची खिडकी स्थिर दिसते ती या सततच्या दुरुस्तीमुळे.

मजकूर साठवण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या आहेत. ईमॅक्स एका सलग पट्टीत मजकूर ठेवतो आणि जिथे लिहिणं चालू आहे तिथे मोकळी जागा सरकवत नेतो. पालो आल्टोच्याच केंद्रात 1974 च्या सुमारास बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी केलेल्या 'ब्राव्हो' एडिटरनं दुसरी रीत वापरली. मूळ मजकुराला हात लावायचा नाही, नवं लिखाण वेगळ्या जागी साठवायचं आणि कुठला तुकडा कुठून घ्यायचा याचा तक्ता ठेवायचा. सिमोनी 1981 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि ही रीत वर्डमध्ये आली. व्हीएस कोड या एडिटरनंही 2018 मध्ये तिचीच सुधारलेली आवृत्ती स्वीकारली.

वर्डचा विषय निघालाच आहे, तर थेट कृतीकडे येतो, कारण मराठी लेखक, भाषांतरकार आणि वकील यांच्यातले बहुतेक जण त्यातच लिहितात. संगणकावरच्या वर्डमध्ये व्ह्यू या यादीत 'स्प्लिट' आहे. ते दाबलं की पानाच्या मधोमध आडवी रेघ येते. वर आणि खाली तोच दस्तऐवज, आणि दोन्ही भाग स्वतंत्रपणे सरकतात. विंडोज असेल तर ऑल्ट, कंट्रोल आणि एस एकत्र दाबूनही हे होतं. रेघ माउसनं वर-खाली ओढता येते, दोनदा क्लिक केलं की जाते. त्याच यादीत 'न्यू विंडो' आहे. त्यानं तोच दस्तऐवज पूर्ण वेगळ्या खिडकीत उघडतो, तो शेजारी किंवा दुसऱ्या मॉनिटरवर ठेवता येतो. लिब्रेऑफिस रायटरमध्ये विंडो यादीतलं 'न्यू विंडो' हेच काम करतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये टॅबवर उजवं क्लिक करून फाइल दुसऱ्या बाजूला 'क्लोन' करता येते. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ, व्हिममध्ये 'स्प्लिट' ही आज्ञा. गूगल डॉक्समध्ये असा विभाग पाडता येत नाही, पण तोच दस्तऐवज ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये उघडला तरी चालतं, कारण दोन्ही टॅब सर्व्हरवरच्या एकाच मजकुराशी बोलत असतात.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. विंडोजच्या जुन्या, साध्या नोटपॅडमध्ये तीच फाइल दोनदा उघडली तर त्या दोन खिडक्या नसतात, स्मृतीतल्या दोन स्वतंत्र प्रती असतात. एकीत केलेला बदल दुसरीला कळत नाही, आणि जी शेवटी सेव्ह होईल ती आधीच्या प्रतीवर मात करते. एक फाइल दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तरी हाच धोका. एकदा उघडलेली फाइल पुन्हा वेगळी उघडताना व्हिम, आणि ती तिथे बदलू लागताना ईमॅक्स इशारा देतो, त्यासाठी ते मूळ फाइलशेजारी सहसा आपली एक वेगळी फाइल ठेवतात. तो इशारा घाईत बंद करू नये, वाचावा. दुसरी सावधगिरी 'अन्डू'ची. बफर एक असल्यामुळे बदलांचा इतिहासही सहसा एकच असतो. वरच्या खिडकीत उभं राहून अन्डू केलं तर खालच्या खिडकीत शेवटी केलेली दुरुस्ती उलटू शकते. अन्डू करताना नजर दोन्हीकडे असावी.

देवनागरीला यात एक जास्तीची अडचण आहे. वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असल्यामुळे आपल्या ओळीला रोमन लिपीपेक्षा जास्त उंची लागते. लॅपटॉपच्या बुटक्या स्क्रीनवर आडवा विभाग पाडला की प्रत्येक भागात मोजक्याच ओळी उरतात. म्हणून मराठी मजकुरासाठी उभा विभाग चांगला, असं माझं मत झालं आहे. आजच्या स्क्रीन रुंद आहेत, ती रुंदी वापरावी. वर्डचं स्प्लिट फक्त आडवं असतं, म्हणून तिथे 'न्यू विंडो' घेऊन दोन खिडक्या शेजारी मांडाव्यात. टर्मिनलमधल्या व्हिममध्ये मात्र मराठी लिहिणं अजूनही कष्टाचं आहे. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन मिळतो आणि अनेक टर्मिनलांत जोडाक्षरं फुटतात किंवा कर्सर भलतीकडे दिसतो. उभ्या विभागाची रेघही मग वाकडीतिकडी होते. टर्मिनलबाहेर चालणाऱ्या ग्राफिकल ईमॅक्समध्ये 2020 च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी यंत्रणा आली आणि देवनागरी बरीच निर्वेध झाली. ज्यांना मुक्त सॉफ्टवेअरवरच लिहायचं आहे अशा मराठी लेखकांनी ईमॅक्स किंवा लिब्रेऑफिस घ्यावं, असं मी सुचवीन.

माझं मागणं फार नाही. टायपिंग शिकवणाऱ्या वर्गांनी, विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी आणि प्रबंधाचे मार्गदर्शक असलेल्या प्राध्यापकांनी ही एक गोष्ट दहा मिनिटांत शिकवावी. प्रबंधाच्या विद्यार्थ्याला संदर्भसूची एका खिडकीत आणि प्रकरण दुसरीत ठेवून लिहायची सवय पहिल्याच महिन्यात लागली, तर शेवटच्या महिन्यातली धांदल बरीच कमी होईल. संपादकांनी लेखकाकडून आलेली लांब संहिता तपासताना पहिलं प्रकरण वर उघडं ठेवून बाकीची खाली वाचून बघावीत. आणि तुम्ही स्वतः काही लिहीत असाल, तर तुमची सर्वांत लांब फाइल आजच उघडा, व्ह्यूमध्ये जाऊन स्प्लिट करा, वर पहिलं पान ठेवा, खाली शेवटचं, आणि दोन्ही एकत्र वाचा.